जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना स्क्रीनचे रिझोल्यूशन चुकते तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि त्यानंतर आलेल्या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकमधील सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड अशा भागांतील अनेक ओळखीच्या घरांतून मला एकच विचारणा झाली, की कोपऱ्यात कापड घालून ठेवलेल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवता येईल का. बसवता येते, आणि बहुधा तासाभरात बसते. अडचण पुढे येते. सगळे नीट बसल्यावर रुंद मॉनिटरवर चित्र ताणल्यासारखे दिसते, अक्षरे पसरट आणि धूसर होतात, घड्याळाची गोल तबकडी अंड्यासारखी दिसू लागते आणि सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावरील आडव्या-उभ्या ठिपक्यांच्या संख्येचा, १०२४ गुणिले ७६८ च्या वरचा एकही पर्याय सापडत नाही. पुष्कळ जण येथेच हात टेकतात आणि संगणक फार जुना झाला असा निष्कर्ष काढून तो भंगारात देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष बहुतेक वेळा संगणकाच्या वयाचा नसतो आणि तो घरच्या घरी दूर करता येतो.

हा लेख नवशिक्यांसाठी असून त्यातील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. मॉनिटर, केबल, ड्रायव्हर (संगणकाचा चित्र काढणारा भाग चालवणारा प्रोग्रॅम) आणि शेवटी कमांड असा तो क्रम आहे. इंटरनेटवर शोधणारे बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला कमांडवर उडी घेतात आणि दहा रुपयांच्या दुखण्यावर दिवसभर घालवतात. कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या असतात. येथे मी त्या फोनवरून सांगाव्यात तशा एकेक अक्षर उच्चारून दिल्या आहेत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे सर्व अक्षरे लहान लिपीतील समजावीत.

मॉनिटर स्वतःची ओळख कशी सांगतो

मॉनिटरच्या आत एक छोटी चिप असते आणि तीत त्या मॉनिटरची माहिती साठवलेली असते: बनवणाऱ्या कंपनीची खूण, पडद्याची लांबीरुंदी आणि त्याला झेपणारी रिझोल्यूशने. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. ती मूळ १२८ बाइटची असते आणि संगणक सुरू होताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर केबलमधून ती वाचतो. वाचता आली तर योग्य रिझोल्यूशन आपोआप लागते. वाचता आली नाही तर समोर काय जोडले आहे हे लिनक्सला कळत नाही, आणि मॉनिटरला इजा होऊ नये म्हणून तो १०२४ गुणिले ७६८ वर थांबतो. म्हणजे हा आकडा समोर दिसला, की मॉनिटर आणि संगणक यांच्यातील संवाद कोठे तुटला आहे हे शोधणे हेच आपले काम असते.

त्याआधी आपल्या मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन किती, हे ठाऊक असले पाहिजे. एलसीडी पडद्यावर ठिपक्यांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते आणि त्याच संख्येवर चित्र सुस्पष्ट दिसते. चौकोनी १७ इंची मॉनिटर बहुधा १२८० गुणिले १०२४ चा असतो, साडेअठरा इंची रुंद मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ चा, १९ इंची रुंद मॉनिटर १४४० गुणिले ९०० चा, २० इंची १६०० गुणिले ९०० चा आणि साडेएकवीस इंची १९२० गुणिले १०८० चा. खात्री करण्यासाठी मॉनिटरच्या मागच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक पाहून त्याची माहिती शोधावी आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. घरात अजून पिक्चर ट्यूबचा जाड मॉनिटर असेल तर त्याला ठरलेली ठिपकेसंख्या नसते. १५ इंचीला १०२४ गुणिले ७६८ पुरेसे आहे आणि त्यापुढे ताण देऊ नये.

बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहणे

लिनक्स मिंट, डेबियन यांसारख्या वितरणांची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांची, लाइव्ह आवृत्ती पेन ड्राइव्हवरून हार्ड डिस्कला हात न लावता चालवता येते. रिझोल्यूशन याच टप्प्यावर तपासावे, कारण येथे जे दिसते तेच बसवल्यानंतर दिसण्याची शक्यता मोठी असते. जुन्या यंत्रावर मी एक्सएफसीई हा डेस्कटॉप असलेली मिंट सुचवतो. ती हलकी आहे आणि खाली दिलेल्या सर्व कमांड तिच्यावर चालतात. यंत्र ३२ बिटचेच असेल तर डेबियन १२ चा विचार करावा. डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकण्यात आली आहे.

या टप्प्यावर एक साधी अडचण हमखास येते. स्क्रीन ८०० गुणिले ६०० वर असेल तर इन्स्टॉलरची खिडकी पडद्यापेक्षा उंच होते आणि पुढे जाण्याचे बटण खाली लपते. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून धरून खिडकीवर कोठेही माउसचे डावे बटण दाबावे आणि खिडकी वर ओढावी. तिचा शीर्षकपट्टा पडद्याबाहेर गेला तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेन ड्राइव्ह सुरू होताना स्क्रीन काळी राहिली तर आपण यादीतला कंपॅटिबिलिटी मोड किंवा सेफ ग्राफिक्स हा पर्याय निवडतो. त्या पर्यायामुळे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नोमोडसेट हा शब्द दिला जातो आणि ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बंद ठेवला जातो. चित्र दिसू लागते, पण कमी रिझोल्यूशनचे. काही वितरणांत हा शब्द बसवलेल्या प्रणालीतही तसाच राहतो, आणि मग महिनोन्महिने माणूस ड्रायव्हर शोधत फिरतो. बसवून झाल्यावर टर्मिनल उघडून सी-ए-टी, रिकामी जागा, स्लॅश, पी-आर-ओ-सी, स्लॅश, सी-एम-डी-एल-आय-एन-ई अशी कमांड द्यावी. येणाऱ्या ओळीत नोमोडसेट दिसला तर तुमचे उत्तर बहुधा तेथेच आहे. तो कसा काढायचा हे पुढे ग्रबविषयीच्या भागात येईल.

केबलकडे पाहावे, आणि नीट पाहावे

सिडकोत माझ्या मावशींच्या घरी इंटेलच्या जुन्या जी३१ चिपसेटचा एक डेस्कटॉप आहे. त्याला साडेअठरा इंची मॉनिटर जोडलेला होता. मिंट व्यवस्थित बसली, ड्रायव्हर योग्य होता, नोमोडसेट नव्हता, तरीही १०२४ च्या पुढे काही जाईना. शेवटी मी निळ्या टोकाची व्हीजीए केबल काढून खिडकीच्या उजेडात धरली.

व्हीजीए केबलच्या टोकात पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. रुंद बाजू वर धरून पिनांकडे समोरून पाहिले तर सर्वांत खालच्या ओळीत डावीकडून ११ ते १५ क्रमांक येतात. मॉनिटरची ओळख १२ आणि १५ या दोन पिनांवरून जाते, म्हणजे खालच्या ओळीतील डावीकडून दुसरी आणि सर्वांत उजवीकडची. मधल्या ओळीतील ९ क्रमांकाची पिन अनेक चांगल्या केबलमध्येही नसते, तिची चिंता करू नये. मावशींच्या केबलमध्ये बारावी पिन आडवी होऊन तळाशी चिकटली होती. रंग आणि चित्र वाहून नेणाऱ्या पिना वेगळ्या असल्यामुळे चित्र उत्तम दिसत होते आणि म्हणूनच केबलवर कोणाला संशय आला नाही. शिवणकामाच्या सुईने पिन हलकेच सरळ केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि १३६६ गुणिले ७६८ आपोआप आले. कोणतीही कमांड द्यावी लागली नाही.

वाकलेली पिन सरळ करताना संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवावेत आणि पिन एकदाच, हळू वळवावी. दोनतीनदा वळवली तर ती तुटते. स्वस्त केबलमध्ये या दोन तारा मुळातच नसतात असेही आढळते, त्यामुळे महात्मा गांधी रोडवरील किंवा जवळच्या दुकानातून नवी केबल घेताना तिचे टोक तेथेच पाहून घ्यावे. एकाच मॉनिटरला दोन संगणक जोडणारा स्विच, स्प्लिटर किंवा जोडकेबल मध्ये असेल तर ती काढून मॉनिटर थेट जोडून पाहावा. यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्याच जागेत लावलेली आहे ना, हेही पाहावे. डीव्हीआय किंवा एचडीएमआयची जागा दोन्हीकडे असेल तर व्हीजीए सोडून तीच वापरावी.

संगणकाला मॉनिटर कसा दिसतो ते विचारणे

केबल ठीक असूनही फरक पडला नाही तर आता टर्मिनल. एक्स-आर-ए-एन-डी-आर ही सहा अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावे. जोडलेल्या प्रत्येक मॉनिटरची एक ओळ आणि तिच्याखाली उपलब्ध रिझोल्यूशनांची यादी येते. सध्या चालू असलेल्या आकड्यापुढे तारांकन असते आणि मॉनिटरने स्वतः पसंत म्हणून सांगितलेल्या आकड्यापुढे अधिकचे चिन्ह. या उत्तरात तीन गोष्टी पाहाव्यात.

व्हीजीए-१ सारखे नाव असलेल्या ओळीच्या शेवटी पडद्याची लांबीरुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तेथे ० गुणिले ० मिलिमीटर असेल आणि यादीत अधिकचे चिन्ह कोठेच नसेल, तर ड्रायव्हर चालू आहे पण मॉनिटरची ओळख पोहोचलेली नाही.

मॉनिटरच्या नावाच्या जागी डिफॉल्ट, नन-१ किंवा अननोन-१ असे काही असेल, किंवा सुरुवातीला गॅमाचा आकार मिळाला नाही अशी तक्रार असेल, तर खरा ग्राफिक्स ड्रायव्हरच चालू नाही. अशा वेळी एल-एस-पी-सी-आय, रिकामी जागा, वजाचे चिन्ह आणि के अशी कमांड द्यावी आणि व्हीजीए असे लिहिलेला भाग शोधावा. त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव असते. इंटेलसाठी ते आय९१५, जुन्या एटीआय कार्डांसाठी रेडिऑन आणि एनव्हिडियासाठी नूवो असायला हवे. त्या जागी काहीच नसेल तर आधी नोमोडसेट तपासावा. रेडिऑनच्या बाबतीत फर्मवेअर, म्हणजे कार्डाला लागणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, नसणे हेही कारण असू शकते. डेबियनने ते २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती बसवली असेल तर नवी घेणे हाच सोपा उपाय आहे. एनव्हिडियाच्या २००६ ते २००९ च्या सुमाराच्या कार्डांसाठी कंपनीच्या जुन्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरमागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा आधार कधीच संपला असून नव्या कर्नलवर तो बसवणे नवशिक्याचे काम नव्हे. घरगुती वापराला नूवो पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट विलक्षण आहे आणि ती ओळखता आली तर मोठा त्रास वाचतो. यादीत आपल्या मॉनिटरखेरीज एलव्हीडीएस-१ नावाचा आणखी एक पडदा जोडलेला दिसतो. एलव्हीडीएस म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या पडद्याची जोडणी. इंटेल ॲटमच्या काही डेस्कटॉप बोर्डांवर ती चिपमध्ये असते, तिला काहीही जोडलेले नसते, पण बायॉस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, मात्र पडदा आहे असे सांगतो. देवळाली कॅम्पातील एका किराणा दुकानाच्या बिलिंगच्या संगणकावर हेच झाले होते. मेनूची पट्टी गायब होती आणि माउसचा बाण उजव्या कडेतून बाहेर जाऊन परत येत नव्हता. पट्टी त्या अस्तित्वातच नसलेल्या पडद्यावर काढली जात होती. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये तो पडदा बंद करता येतो, पण लॉगिनच्या वेळी तो पुन्हा उगवतो; कायमचा उपाय ग्रबमध्ये करावा लागतो.

ग्रबमध्ये आधी तात्पुरता, मग कायमचा बदल

ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्सला हाक मारणारा छोटा प्रोग्रॅम. जुन्या बायॉसच्या यंत्रावर सुरू होताना शिफ्ट कळ दाबून धरली की त्याची यादी दिसते. पहिल्या ओळीवर ई दाबले की मजकूर उघडतो. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधून तिच्या शेवटी एक रिकामी जागा सोडून आपले शब्द लिहावेत आणि एफ१० दाबावे. हा बदल त्या एकाच वेळेपुरता असतो. चुकला तर संगणक बंद करून चालू करावा, सगळे पूर्ववत होते. म्हणूनच नवशिक्याने कोणताही बदल आधी येथे करून पाहावा, असा माझा आग्रह असतो.

नोमोडसेट काढायचा असेल तर त्या ओळीतून फक्त तो शब्द खोडावा. एलव्हीडीएसचा खोटा पडदा बंद करायचा असेल तर व्ही-आय-डी-ई-ओ, बरोबरचे चिन्ह, मोठ्या लिपीत एल-व्ही-डी-एस, वजाचे चिन्ह, १, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह म्हणजे कोलन, आणि लहान डी असे सलग लिहावे. मॉनिटरची ओळख काही केल्या पोहोचत नसेल तर रिझोल्यूशन आपणच सांगायचे: व्ही-आय-डी-ई-ओ, बरोबरचे चिन्ह, मोठ्या लिपीत व्ही-जी-ए, वजाचे चिन्ह, १, कोलन, १४४०, लहान एक्स, ९००, ईमेलच्या पत्त्यात असते ते ॲट चिन्ह आणि ६०. आपल्या मॉनिटरचे आकडे अर्थातच त्या जागी घालावेत. मध्ये कोठेही रिकामी जागा नको. शेवटचे ६० म्हणजे दर सेकंदाला चित्र ताजे होण्याची संख्या. जुन्या एलसीडीसाठी ती ६० च ठेवावी.

येथे जोडणीचे नाव कर्नल जसे लिहितो तसेच लागते. ते पाहण्यासाठी एल-एस, रिकामी जागा, स्लॅश, एस-वाय-एस, स्लॅश, सी-एल-ए-एस-एस, स्लॅश, डी-आर-एम अशी कमांड द्यावी. कार्ड०-व्हीजीए-१ अशासारखी नावे दिसतील, त्यातील कार्डानंतरचा भाग घ्यावा. काही जुन्या ड्रायव्हरांत आधीच्या एक्सरँडआर या कमांडने दाखवलेल्या नावात वजाचे चिन्ह नसते, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

तात्पुरता बदल नीट लागू झाला की तो कायम करावा. एस-यू-डी-ओ, रिकामी जागा, एन-ए-एन-ओ, रिकामी जागा, स्लॅश, ई-टी-सी, स्लॅश, डी-ई-एफ-ए-यू-एल-टी, स्लॅश, जी-आर-यू-बी अशी कमांड देऊन फाइल उघडावी. त्यात सीएमडीलाइन आणि डिफॉल्ट हे दोन्ही शब्द असलेली ओळ असते. तिच्या अवतरणचिन्हांच्या आत तेच शब्द लिहावेत (नोमोडसेट असेल तर तो खोडावा), कंट्रोल आणि ओ व मग एंटर दाबून जतन करावे, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर पडावे आणि शेवटी एस-यू-डी-ओ, रिकामी जागा, यू-पी-डी-ए-टी-ई, वजाचे चिन्ह, जी-आर-यू-बी ही कमांड द्यावी. ही शेवटची कमांड विसरली तर फाइल बदलूनही काही घडत नाही.

अनेक ठिकाणी यासाठी सी-व्ही-टी या कमांडने आकड्यांची ओळ तयार करून ती एक्सरँडआरला देण्याची रीत सांगितलेली असते. ती चुकीची नाही, पण तिने केलेला बदल लॉगआउट होताच जातो आणि ग्नोमसारख्या, वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर ती चालतच नाही. शिवाय १३६६ ही संख्या ८ ने भागली जात नसल्यामुळे सी-व्ही-टी तिच्या जागी १३६८ देते आणि कडेला दोन ठिपक्यांचा घोळ राहतो. ग्रबमार्गे सांगितल्यावर कर्नल १३६६ च ठेवतो. त्या ओळीतील आकड्यांचा अर्थ मात्र समजून घेण्यासारखा आहे. १४४० गुणिले ९०० साठी सी-व्ही-टी १०६.५० हा आकडा देते. म्हणजे सेकंदाला १०.६५ कोटी ठिपके. कडेची न दिसणारी जागा धरून एका चित्राची रुंदी १९०४ आणि उंची ९३४ येते; यांचा गुणाकार सुमारे १७.७८ लाख. कोटींना त्या लाखांनी भागले की ५९.९ येतात, तेच आपले साठ.

स्क्रीन काळी झाली तर

मॉनिटरवर इनपुट नॉट सपोर्टेड किंवा आउट ऑफ रेंज असे आले तर घाबरू नये. डिस्प्लेच्या सेटिंग्जमधून बदल केला असेल तर काही सेकंद कशालाही हात न लावता थांबावे, जुने रिझोल्यूशन आपोआप परत येते. चुकून होकार दिला गेला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराच्या पडद्यावर जावे, नाव आणि पासवर्ड देऊन आत यावे आणि आपल्या घरच्या फोल्डरमधील कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरातील डिस्प्लेची जतन केलेली फाइल काढून टाकावी. सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये तिचे नाव सिनॅमन-मॉनिटर्स आणि ग्नोममध्ये मॉनिटर्स असते. एक्सएफसीईमध्ये ती एक्सएफसीई४ च्या आतील एक्सएफकॉन्फ या फोल्डराच्या उपफोल्डरात डिस्प्लेज या नावाने असते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा.

योग्य रिझोल्यूशन लागल्यावरही व्हीजीएवर चित्र किंचित डावीकडे सरकलेले किंवा अक्षरांच्या कडा थरथरणारी दिसू शकतात. यात लिनक्सचा काही संबंध नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मजकुराने भरलेले पान पूर्ण पडद्यावर उघडावे आणि मॉनिटरच्या खालच्या कडेवरील ऑटो हे बटण एकदा दाबून दोनतीन सेकंद थांबावे. मॉनिटर कडा शोधून चित्र जागेवर आणतो. पान रिकामे किंवा काळे असेल तर त्याला कडा सापडत नाहीत, म्हणून मजकुराचे पान हवे. मावशींच्या मॉनिटरवर मी मराठी वर्तमानपत्राचे पान उघडून हे बटण दाबले. जोडाक्षरांच्या बारीक रेषा वेगळ्या दिसू लागल्या तेव्हाच केबलचे स्क्रू हाताने घट्ट केले.